दार उघडंच आहे

त्या शुक्रवारी सकाळी उम्म घालिब स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हिरवी ऑलिव्हं चेचत होती. मांडीशी सपाट दगड, हातात गोटा, एक फटका, की फुटलेलं ऑलिव्ह बादलीत. शेगडीवर सकाळची कॉफी उकळत होती. पलीकडच्या बैठकीच्या खोलीत तिचे यजमान, अबू घालिब, लाकडी उखळात कॉफी कुटत बसले होते.

अबू घालिबचं कॉफी कुटणं म्हणजे नुसतं कुटणं नव्हे. दोन ठोके तळाशी, एक काठावर, मग जरा थांबायचं, जणू समोरच्याला बोलायला जागा देताहेत. आमच्या दैर रुम्मान गावात तो ठेका कानावर पडला की आजूबाजूचे पुरुष पायात चपला सरकवत. वेगळं बोलावणं लागत नसे. आमचं घर गल्लीच्या पलीकडे, समोरासमोर. ठेका सुरू झाला की आमचे हे शाळेतल्या मुलांच्या वह्या तशाच उघड्या टाकून उठायचे. "म्हातारा हाका मारतोय गं," म्हणायचे आणि निघायचे.

तर त्या सकाळी ठेका चालू असतानाच दार वाजलं. हलकेच, बोटांच्या पेरांनी, शेजारी वाजवतात तसं.

अबू घालिबनी उखळातून मानही वर काढली नाही. आतूनच हाक दिली, "तफद्दल! दार उघडंच आहे."

दार ढकललं गेलं आणि सैनिक आत आले.

तफद्दल हा शब्द आमच्या तोंडातून दिवसभरात किती वेळा जातो, ते कुणी मोजत नाही. या, बसा, घ्या, जेवा, तुमचंच आहे, हे सगळं त्या एका शब्दात मावतं. बाईला म्हणायचं तर तफद्दली. ओट्यावर भाकरी मोडताना गल्लीतून कुणी गेलं तरी म्हणायचं. जाणाऱ्यानं थांबायचं नसतं, म्हणणाऱ्यालाही ते माहीत असतं, पण म्हटलं नाही तर घास घशाखाली उतरत नाही. आणि अबू घालिबचं तर सगळं आयुष्य त्या शब्दात गेलेलं. त्यांचे वडील गावच्या बैठकीत कॉफी ओतायचे, त्यांच्यामागून हे. लग्न असो, दुखवटा असो, दोन घरांचं भांडण मिटवायला पंच जमलेले असोत, डाव्या हातात पितळी सुरई, उजव्या हातात एकावर एक घातलेल्या बिनकानाच्या पेल्या, आणि प्रत्येकासमोर किंचित वाकून, तफद्दल. पाहुण्यानं पेली हलवून पुरे म्हणेपर्यंत हटायचे नाहीत.

पोटासाठी मात्र ते टॅक्सी चालवत. नाबलुसच्या रस्त्यावरची जुनी पिवळी सात जणांची गाडी. जन्मभर नाक्यावर थांबले, कागद दाखवले, काच खाली, काच वर. पण सैनिकाशी एक शब्द बोलले नाहीत. लोक त्यांची नक्कल करायचे. सैनिक विचारतोय, "कुठून आलास?" अबू घालिब कागद पुढे करतात. "कुठे चाललास?" कागद आणखी पुढे. एकदा एका सैनिकानं म्हणे सरळ 'शुभ सकाळ' म्हटलं, तर हे समोरच्या काचेवरची माशी बघत बसले. मागच्या बाकावरच्या बायका हसून हसून बेजार. मी कॉलेजला त्यांच्याच गाडीतून जायचे. "काका, माशीला तरी उत्तर द्या," असं मी म्हटल्याचं मला आठवतं. ते म्हणाले, "माशी आपल्या गावची आहे, पोरी. तिच्याशी घरी गेल्यावर बोलू."

अशा माणसाच्या तोंडून तो शब्द गेला.

उम्म घालिबनं मला नंतर सांगितलं, "दार लाथेनं उघडतात गं ते. नेहमी लाथेनं. त्या दिवशी कुठून आणली ती रीतभात?" आत आलेल्यातला पहिला, तोंडावर पुटकुळ्या असलेला कोवळा पोरगा, तोही गोंधळला. पायरीवर अडखळून त्यानं मोडक्यातोडक्या अरबीत "शुक्रन" म्हटलं. आभार मानले. मागच्यानं त्याला ढोसलं. मग सगळं नेहमीसारखं झालं. दोघांना स्वयंपाकघरात कोंबलं, दाराशी खुर्ची टाकून तो पुटकुळ्यावाला बसवला, बाकीचे जिन्यानं गच्चीवर. आमच्या गल्लीत त्यांची गच्ची सगळ्यांत उंच. तिथून मशिदीपासून खालच्या लोखंडी फाटकापर्यंतचा सगळा रस्ता दिसतो.

ते फाटक लष्करानं उन्हाळ्यात बसवलं होतं. तेव्हापासून नाबलुसला जाणारा रस्ता बंद, आजाऱ्याला खांद्यावर घेऊन फाटकापलीकडच्या गाडीपर्यंत न्यायचं. म्हणून दर शुक्रवारी नमाज झाली की माणसं फाटकाकडे चालत जात, झेंडे, घोषणा, पुढे म्हातारे, मागे पोरं. आणि दर शुक्रवारी ते एकाच रीतीनं संपे. आम्हा बायकांना त्याची इतकी सवय झाली होती की दुपारची अजान झाली की आधी दोरीवरचे कपडे आत, मग खिडक्यांच्या फटीत ओले पंचे, मग कांदा चिरून बशीत, अश्रुधूर झोंबला तर हुंगायला. धुराचा वास कपड्यात शिरला तर चार धुण्यांत जात नाही.

त्या शुक्रवारी मी खिडकीच्या फळ्यांच्या फटीतून बघत होते. समोरच्या गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्यांमागे हेल्मेटं दिसत होती, पण खाली रस्त्यावरच्यांना ती दिसणार नव्हती. मी आमच्या ह्यांना फोन लावला, ते मोर्च्यात होते, त्यांनी उचलला नाही. ओरडायचं तर फळी उघडावी लागली असती. मी उघडली नाही. गल्लीतल्या कुणीच उघडली नाही. प्रत्येक खिडकीमागे एकेक बाई उभी होती, हे मला पक्कं माहीत होतं.

मोर्चा फाटकापाशी पोचला. घोषणा झाल्या. मग पहिला अश्रुधुराचा डबा शेपूट सोडत आला, म्हातारे मागे फिरले आणि पोरं पुढे झाली. टायर पेटले. गोफणी गरगरू लागल्या. फाटकामागून रबरी गोळ्यांचा कोरडा फटफटाट. पोरं किराणा दुकानाच्या भिंतीआड जात, पुन्हा बाहेर येत. एकजण जळता डबा पायानं फाटकाकडे परत ढकलत होता आणि दुसरा त्याच्या पाठीवर थापा मारत होता. दुरून बघणाऱ्याला वाटावं खेळ चाललाय. आम्हाला तसं वाटत नव्हतं. आम्ही प्रत्येकीनं आपापला सदरा ओळखून ठेवलेला असतो. निळा सदरा माझ्या भाच्याचा. तपकिरी सदरा निझारचा.

निझार म्हणजे वरच्या अंगाला राहणाऱ्या उम्म निझारचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेला. पोरगा घरोघर फरशी बसवायचा. हात इतका साफ की त्यानं बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. माझ्या स्वयंपाकघराची फरशी त्याचीच. दिवसभर गुडघ्यांवर सरकत काम करायचा आणि गुडघ्यांना जुन्या टायरचे तुकडे बांधायचा. "मावशी, मी नमाज कमी पढतो, पण गुडघे बघून देवाची फसगत होईल," म्हणायचा.

मध्येच गोळ्या थांबल्या. आणि समोरच्या गच्चीवरून भोंगा बोलू लागला. बोलणारा सैनिक आमची भाषा अगदी आमच्यासारखी बोलत होता.

"काय रे पोरांनो! ऊन लागलं का? तहान लागली का? अबू घालिबच्या घरी या! आम्हाला तफद्दल म्हणाला म्हातारा! दार उघडून दिलं! कॉफीपण आहे! तुम्हीही या, लाजू नका, तफद्दल!"

नाव त्यांना कुठून कळलं? खाली उम्म घालिब नवऱ्याला नावानं हाका मारून विचारत होती की छातीत दुखतंय का. तेवढ्यावरून.

रस्त्यावर सगळे थांबले. कुणी तरी शिवी हासडली, कुणी तरी मान वर करून गच्चीकडे बघितलं. मग तपकिरी सदरा भिंतीआडून बाहेर आला. हातात गोफण नव्हती, दगड नव्हता. तो वर, सरळ आमच्या गल्लीच्या दिशेनं धावत सुटला, हात उंच करून काही तरी ओरडत. काय ते मला ऐकू आलं नाही. सार्वजनिक नळापाशी पोचला आणि गच्चीवरून एकच आवाज झाला. तो रबरी नव्हता.

निझार नळाजवळ बसला. पडला नाही, बसला, जसा फरशी बसवायला बसायचा तसा. मग आडवा झाला.

स्वयंपाकघरात अबू घालिबनी हे सगळं पाहिलं नाही, ऐकलं. डोक्यावर बूट इकडून तिकडे जात होते. भोंग्यातून स्वतःचं नाव ऐकलं. स्वतःचा शब्द ऐकला. मग तो आवाज, आणि त्यानंतर पावसाच्या पन्हळीतून काही तरी बारीकसं, काडतुसाची रिकामी पुंगळी असावी, टणटणत खाली आलं. पुटकुळ्यावाल्या पोरानं तेवढ्या वेळात शेगडीवरची कॉफी स्वतःच्या हातानं पेलीत ओतून घेतली होती. ती त्याच्या हातात तशीच राहिली. उम्म घालिब म्हणते, "मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, तर तो जमिनीकडे बघत होता. आणि आमचे हेपण जमिनीकडे. दोघं एकाच फरशीकडे."

निझारला पोरांनी दाराच्या फळीवर घालून फाटकापर्यंत नेलं. फाटक उघडायला वेळ लागला. किती लागला त्यावर गावात अजून वाद होतात. जीव वाचला. गुडघा गेला. पाय आहे, पण वाकत नाही.

संध्याकाळी सैनिक गेल्यावर गल्लीत माणसं जमली. कुणी तरी भोंग्याचा आवाज मोबाइलवर पकडून ठेवला होता. तो रात्रीपर्यंत कुवेतला पोचला आणि तिथून अबू घालिबच्या मुलाचा, घालिबचा फोन आला. "बाबा, हे खरं आहे का?" उम्म घालिबनं फोन हिसकावून घेतला. "खोटं आहे! त्यांनी ओतली नाही, त्या मेल्यानं स्वतः घेतली!" कारण तोवर गावात शब्दाची कॉफी झाली होती, आणि कॉफीची मेजवानी होणार होती. कुणी म्हणे पेल्या मांडल्या, कुणी म्हणे खजूरही दिले.

उम्म घालिब दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत राहिली, "ओतली नाही! हात लावला नाही त्यांनी सुरईला!" शेवटी अबू घालिब बाहेर आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "पुरे कर. कॉफी त्यानं घेतली. शब्द मी दिला. तो माझाच आहे."

ते आत गेल्यावर कुणी बोललं नाही. बोलायला हवं होतं. सैनिक लाथ मारून आले असते तरी गच्ची तीच असती, टाक्या त्याच असत्या, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. पण त्या दिवसाचं ओझं कुणावर तरी टाकायचं होतं, आणि त्यांनी स्वतःहून खांदा पुढे केला होता.

नाव पडायला आठवडाही लागला नाही. घालिबचा बाप म्हणून अबू घालिब, आता तफद्दलचा बाप, अबू तफद्दल. दुकानापाशी बसणारी टवाळ पोरं त्यांना बघून म्हणायची, "काका, दार वाजलं तर आधी विचारा हो, कोण आहे म्हणून!" मोठी माणसं पोरांना दटावायची आणि तोंड फिरवून हसायची.

त्यानंतर अबू घालिबच्या घरातून तो ठेका ऐकू आला नाही. एक दिवस त्यांनी नाबलुसहून विजेवर चालणारं दळणयंत्र आणलं. घुर्र करून एकदा आवाज होई आणि संपे. आमचे हे वह्यांवरून मान वर करायचे, खिडकीकडे बघायचे आणि पुन्हा खाली घालायचे.

आणि तो शब्द त्यांनी टाकला. दार वाजलं की स्वतः उठून उघडायचे, बाजूला होऊन उभे राहायचे, पण तोंडातून काही नाही. आता त्या शब्दाशिवाय आमच्याकडे आत जायचं कसं? माणसं उंबऱ्यावर उभी, हे आत उभे. एकमेकांकडे बघत. एकदा उम्म घालिबची सख्खी बहीण हातात कोबीची पिशवी घेऊन अशीच उभी राहिली. शेवटी म्हणाली, "दाजी, मी येऊ का जाऊ?" आतून उम्म घालिब ओरडली, "ये गं बाई, तफद्दली! यांच्या तोंडाला कुलूप आहे, दाराला नाही!" बहिणीनं हे सांगताना हसवलं आम्हाला. मग मध्येच थांबून म्हणाली, "त्यांचे ओठ हलले गं. आवाज आला नाही."

हिवाळ्यात हाजी रशीद वारले. दुखवट्याला कॉफी ओतायला शेजारच्या गावचा माणूस बोलावला. अबू घालिब गेले, रांगेतल्या अगदी शेवटच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. आमचे हे शेजारी होते. तो ओतणारा सुरई उजव्या हातात धरत होता, हे बघून ह्यांना राहवलं नाही, म्हणाले, "अबू घालिब, बघताय ना?" ते म्हणाले, "मास्तर, त्याचा हात स्वच्छ आहे." पेली त्यांच्यापर्यंत आली. घेतली, पण ओठाला लावली नाही. हातातच थंड झाली. ती थंड पेली रिकामी खुर्ची शोधून तिच्यावर ठेवली आणि घरी आले.

निझार नाबलुसच्या इस्पितळातून तोवर घरी आला होता. कुबडीवर चालत दुकानापर्यंत येई. अबू घालिबना दुरून बघितलं की हात उंच करी. "अबू घालिब काका! अहो, माझ्या गुडघ्याला तुमचा शब्द नाही लागला, गोळी लागली!" सगळ्यांदेखत ओरडायचा. अबू घालिब मान खाली घालून दुसऱ्या बाजूनं जात.

पण उम्म निझार बोलत नव्हती. ती रोज पहाटे कणकेची परात डोक्यावर घेऊन खालच्या भट्टीवर जाते. वाट अबू घालिबच्या दारावरून. इतकी वर्षं ते ओट्यावर बसलेले असायचे. "तफद्दली, उम्म निझार!" ती न थांबता म्हणायची, "तुमचं घर भरलेलं राहो!" एवढंच. रोज. मी चहा ठेवत असताना हे दोन आवाज आले की समजायचं, उजाडलं. आता ती खळ्याकडून वळसा घालून भट्टीवर जाते. चढ आहे, दगड आहेत, परात डोक्यावर. पण त्या दारावरून जायचं नाही.

गावच्या मोठ्यांनी सुचवून पाहिलं. पाच-दहा प्रतिष्ठित माणसं घेऊन जा तिच्याकडे, रीतसर, क्षमा माग, गाव मध्ये पडेल. अबू घालिब नाही म्हणाले.

मग बदाम फुलायला लागल्यावर एका सकाळी आमचं दार वाजलं. मी पोळ्या भाजत होते. सवयीनं ओरडले, "तफद्दल!" आणि दार उघडून बघते तर अबू घालिब. तो शब्द ऐकून त्यांनी खांदे आवळून घेतले होते, पाणी उडाल्यावर आवळतो तसे. मी दारातून बाजूला झाले.

आत आले. बसले नाहीत. आमच्या ह्यांना म्हणाले, "मास्तर, मला आज उम्म निझारकडे जायचंय. तुम्ही दोघं सोबत याल?"

हे म्हणाले, "आम्ही दोघंच? हाजींचा मुलगा आहे, इमाम आहेत, त्यांना सांगतो ना. चार मोठी माणसं बरोबर असली की शब्दाला वजन येतं."

"म्हणूनच नकोत," ते म्हणाले. "मोठ्या माणसांपुढे तिला नाही म्हणता येणार नाही. मला तिनं हवं तर नाही म्हणावं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "उम्म जवाद, तू एवढ्यासाठी, की विधवा बाईच्या घरी नुसते पुरुष कसे जाणार."

मी पोळ्या झाकल्या आणि निघाले.

उम्म निझारनं दार उघडलं. आम्ही तिघं उंबऱ्यावर. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तफद्दली." एकाच बाईला म्हणतात तसं. तिघांना म्हणायचं ते वेगळं, ते तिनं म्हटलं नाही. आमचे हे चाचरले. अबू घालिब तिथेच उभे. मग आतून निझार ओरडला, "अगं आई, सगळ्यांना म्हण की! काका, या आत, मला उठवू नका, माझा पाय सरकारी पाहुणा आहे!"

आम्ही आत गेलो. निझार गादीवर पाय लांब करून बसला होता. भिंतीशी त्याचं फरशीचं सामान रचून ठेवलेलं, करणी, दोरी, टायरचे ते दोन तुकडे. अबू घालिब त्या सामानासमोरच बसले. दुसरी जागा होती, तरी.

उम्म निझार काहीही न बोलता आत गेली आणि कॉफी घेऊन आली. घरात आलेल्याला कॉफी न देणं तिलाही जमलं नसतं. पहिली पेली माझ्यापुढे, मग ह्यांच्यापुढे, मग अबू घालिबपुढे. त्यांनी ती घेतली, आणि समोरच्या स्टुलावर ठेवली.

आम्ही आमच्या पेल्या तिथल्या तिथे खाली ठेवल्या. पाहुण्यानं पेली अशी ठेवली की त्याचं काही मागणं असतं, आणि ते मान्य होईपर्यंत तो पीत नाही. शेकडो बैठकांत अबू घालिबनी अशा ठेवलेल्या पेल्यांभोवती सुरई घेऊन वाट बघितली होती. स्वतःची पेली अशी ठेवायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि ठेवताना थोडी कॉफी स्टुलावर सांडली.

निझार हळूच म्हणाला, "आई, त्यांना प्यायला सांग."

रीत अशी की मोठ्या मनाच्या यजमानानं मागणं ऐकायच्या आधीच म्हणायचं, प्या, मान्य आहे. अबू घालिबनी हात आडवा केला. "नाही. ऐकल्याशिवाय हो म्हणू नकोस."

उम्म निझार दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. एवढे महिने न बोललेली बाई. आता बोलली.

"तुम्हाला ठाऊक तरी आहे का, तो का धावला?"

"आई," निझार म्हणाला.

"तू गप्प बैस. सांगू दे मला." ती माझ्याकडे बघत बोलत होती, पण शब्द त्यांच्यासाठी होते. "हातात दगड नव्हता त्याच्या. त्याच्या मित्रानं सांगितलं मला, जो मागे होता त्यानं. काय ओरडत होता सांगितलं. म्हणत होता, त्यांचं नाव घेऊ नका. म्हाताऱ्या माणसाचं नाव भोंग्यावर घेऊ नका. एवढंच. तुमची अब्रू भोंग्यावर चालली होती, ती आणायला धावला माझा मुलगा. आणि तुम्ही आता मान खाली घालून त्याच्या बाजूनंसुद्धा जात नाही. तो हाका मारतो आणि तुम्ही पळता."

अबू घालिबना हे माहीत नव्हतं. गावात कुणालाच माहीत नव्हतं. मित्रानं तिला सांगितलं आणि तिनं ते पोटात ठेवलं होतं. त्यांचा चेहरा मी बघितला आणि लगेच माझी नजर खाली गेली. असा चेहरा बघू नये, बघणाऱ्यालाच शरम वाटते. मला वाटलं, आता ते उठतील, पेली तशीच टाकून जातील.

निझार म्हणाला, "काका, खरं सांगू? मी काय ओरडलो ते मला आठवतही नाही. कदाचित आईमाईवरून शिव्याच दिल्या असतील."

कुणी हसलं नाही. उम्म निझारच्या ओठांचा कोपरा मात्र हलला, आणि तिनं तो ओढणीच्या टोकानं झाकला.

अबू घालिब उठले नाहीत. त्यांनी निझारकडे बघितलं, नीट, त्याच्या पायाकडे आणि मग तोंडाकडे. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवावासा वाटला असावा. हात अर्ध्यावर गेला आणि परत आला. निझारनं तो पकडून स्वतःच गुडघ्यावर ठेवला. "इथे दुखत नाही, काका. खाली दुखतं."

हात तसाच ठेवून अबू घालिब उम्म निझारकडे वळले.

"मी क्षमा मागायला आलो नव्हतो," ते म्हणाले. "ती मागायला तोंड नव्हतं, आणि आता तर मुळीच नाही. एक लहानसं मागणं आहे. नाही म्हणालीस तरी तुझ्या घरची कॉफी मला कडू लागणार नाही."

ती म्हणाली, "बोला."

"उद्या पहाटे भट्टीवर जाशील, तेव्हा खळ्याकडून जाऊ नकोस. माझ्या दारावरून जा. मी ओट्यावर असेन. मी तुला तफद्दली म्हणेन. तू थांबू नकोस, उत्तर देऊ नकोस. फक्त मला एकदा ते म्हणू दे, आणि तू ऐकून पुढे जा."